पाऊस थांबला, तरी पाणी का चढत होतं?

२०२४ च्या जन्माष्टमीला बडोद्यात पाऊस असा कोसळला की आमच्या घरी कृष्णजन्म मेणबत्तीच्या उजेडात झाला. पुढे पावसानं उसंत घेतली आणि त्याच सुमारास शहरातल्या समा भागात राहणाऱ्या माझ्या आत्याचा फोन आला. तिचं घर तळमजल्यावर. "पहिली पायरी गेली. आता दुसरी जातेय. पाऊस तर थांबलाय रे, मग हे पाणी येतंय कुठून?"

शहराच्या मधून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीची पातळी काळाघोड्याच्या पुलापाशी मोजतात. तिथे २५ फूट ही धोक्याची खूण. त्या दिवसांत नदी ३५ फुटांच्याही पुढे गेली. काही भागांत दहा-बारा फूट पाणी होतं, लष्कर बोलवावं लागलं, आणि वनखात्यानं तीन दिवसांत वस्तीतून २४ मगरी पकडल्या. मगरींची छायाचित्रं देशभर फिरली. आत्याचा प्रश्न मात्र मागे राहिला, आणि माझ्या मते त्या पुरातला सगळ्यात नेमका प्रश्न तोच होता. त्याचं उत्तर समजून घेतलं की शहर, नदी, तळी आणि मगरी यांचा एकमेकांशी काय संबंध आहे तेही उलगडतं.

आभाळ इथलं, पाणी तिथलं

एखादी परात किंचित कलती धरा आणि तिच्यात कुठेही पाणी ओता. ते शेवटी खालच्या कडेलाच जमा होणार. नदीचीही अशी एक परात असते. जेवढ्या जमिनीवर पडलेलं पाणी वाहत एका नदीला मिळतं, तेवढी जमीन म्हणजे त्या नदीचं पाणलोट क्षेत्र. विश्वामित्रीची परात पावागढच्या डोंगरात सुरू होते. पावागढ ८०० मीटरच्या वर उंच आणि बडोदं समुद्रसपाटीपासून चाळीस मीटरही नाही. पण हा उतार सारखा नाही. डोंगर उतरला की पुढची जमीन जवळजवळ सपाट आहे, म्हणून नदी वळणं घेत, रेंगाळत येते. वाटेत सूर्या नदी तिला मिळते.

म्हणजे डोंगराकडे पडलेलं पाणी शहरात पोहोचायला वेळ घेतं. शहरात ऊन पडलेलं असतं, तेव्हा ते पाणी अजून वाटेत असतं. पावसाचा जोर आणि पुराचा जोर यांत काही तासांचं अंतर असतं, कधी त्याहून जास्त. आत्याच्या पायऱ्या बुडत होत्या तो आदल्या दिवशीचा पाऊस होता.

तेवढ्यानं भागत नाही. बडोदं ओलांडून विश्वामित्री पुढे ढाढर नदीला मिळते आणि ढाढर खंभातच्या आखाताला. ढाढरलाही त्याच वेळी पूर असेल तर विश्वामित्रीला वाट मिळत नाही. टोलनाक्यावर गर्दी झाली की मागे दोन किलोमीटर गाड्या थबकतात, तसं तिचं पाणी मागे मागे तुंबत येतं. वरून आवक चालू, खालून वाट बंद.

पण आत्याचं घर नदीकाठी नाही

हे मला सगळ्यात उशिरा कळलं. आमच्या शहरात पावसाच्या पाण्याचे नैसर्गिक ओढे आहेत, त्यांना इथे कांस म्हणतात. भुखी कांस, मसिया कांस, रूपारेल कांस. बडोदेकरांना ही नावं ठाऊक असतात, पण बहुतेकांच्या डोक्यात ती "गटार" या खात्यात जमा झालेली असतात. कारण बऱ्याच ठिकाणी त्यांच्यावर स्लॅब पडले, रस्ते आले, बांधकामं आली, आणि आत सांडपाणी सोडलं गेलं.

कांसाचं काम साधं आहे. शहराच्या आतल्या भागातलं पाणी नदीपर्यंत नेणं. पण नदीची पातळी कांसाच्या मुखापेक्षा वर गेली तर? घरातल्या मोरीचं उदाहरण घ्या. बाहेरची गटार तुंबली की मोरीत ओतलेलं पाणी जात नाही, उलट जाळीतून वर येतं. कांसाचं तेच होतं. नदीचं पाणी उलटं आत शिरतं, आणि शहराचं पाणी आतच अडकतं. म्हणून नदीपासून लांब असलेल्या, कधी नदीचं तोंडही न पाहिलेल्या सोसायटीत गुडघाभर पाणी येतं. कांस साफ केला तरी हा उलटा प्रवाह थांबत नाही. सफाई हवीच, पण नदीची पातळीच खाली राहिली पाहिजे.

पाऊसच इतका पडला, त्याला शहर काय करणार?

हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकू नये. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस झाला होता. असा पाऊस कुठल्याही शहराला जड जातो.

तरी थोडं गणित करून पाहू. हजार चौरस फुटांची गच्ची आणि दहा इंच पाऊस. त्या एका गच्चीवर सुमारे साडेतेवीस हजार लिटर पाणी पडतं. दहा हजार लिटरचे दोन टँकर भरून वर उरेल इतकं. पूर्वी ते पागोळ्यांवाटे अंगणात पडायचं, माती थोडं प्यायची, थोडं साठायचं, उरलेलं सावकाश निघायचं. आज पाइपातून ते सरळ पेव्हर ब्लॉकवर, तिथून रस्त्यावर, तिथून कांसात. हलक्या-मध्यम पावसात सपाट हिरवळीवरून दहा-वीस टक्केच पाणी वाहून जातं, छपरावरून मात्र पंचाहत्तर ते पंचाण्णव टक्के, असे आकडे अभियंते हिशेबाला धरतात.

पाणी किती पडलं, एवढ्यानं पूर ठरत नाही. ते किती वेळात दाराशी आलं, यानं ठरतो. मंगल कार्यालयात पाचशे माणसं जेवली. दार एकच. पण लोक अंगणात रेंगाळतात, विडा घेतात, व्याह्यांशी दोन शब्द बोलतात आणि तासाभरात सगळे सहज बाहेर पडतात. अंगण काढून टाका आणि सगळ्यांना एकाच वेळी दाराकडे ढकला. माणसं तेवढीच, दार तेवढंच, पण चेंगराचेंगरी. नदी हे दार आहे. शेतं, तळी, मोकळी मैदानं, झाडाखालची मऊ माती हे अंगण. बडोद्याची वस्ती १८९१ मध्ये लाख-सव्वालाख होती, २०११ च्या जनगणनेत ती साडेसोळा लाखांच्या वर गेली. दार रुंदावलं नाही आणि अंगण गेलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण पर्यावरणाच्या बाजूनं बोलणारे आम्ही लोक ती कधी कधी गाळतो. माती अमर्याद पाणी पीत नाही. चार दिवस पाऊस लागून राहिला की ती भरते, आणि मग हिरवळही जवळजवळ फरशीसारखीच वागते. दहा-दहा इंचांच्या पावसात एकट्या मातीवर विसंबून चालणार नाही. तेव्हा लागते ती पाण्याला तात्पुरतं थांबायला खरीखुरी जागा, म्हणजे खोलगट, रिकामी आणि बुडाली तरी चालेल अशी.

ती जागा होती कुठे?

नदीच्या दोन्ही बाजूंना. मोठ्या पावसात नदी ज्या सखल जमिनीवर पसरते आणि नंतर सोडून जाते, तिला पूरपट्टा म्हणतात. तो नदीचाच भाग. वर्षातले तीनशे-साडेतीनशे दिवस तो कोरडा असतो, म्हणून तो आपल्याला मोकळा प्लॉट वाटतो, एवढंच.

विश्वामित्रीच्या बाबतीत आणखी एक खास गोष्ट म्हणजे तिची कोतरं. पाण्यानं गाळाची माती कापत कापत तयार झालेल्या घळी. झाडोऱ्यानं भरलेल्या, वाकड्यातिकड्या, वरून पाहिलं तर निरुपयोगी. पूर चढू लागला की पाणी आधी या घळींमध्ये शिरतं. त्या जणू नदीचे खिसे आहेत. एखादं कोतर मातीनं, राडारोड्यानं भरलं आणि वर बांधकाम झालं की एक खिसा शिवला जातो. त्यातलं पाणी नाहीसं होत नाही, ते दुसऱ्या कुणाच्या तरी दिवाणखान्यात जातं. भराव टाकणारा उंचावर राहतो आणि त्याचा शेजारी बुडतो. मला यातला अन्याय फार बोचतो, कारण बुडणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही की आपल्या घरातलं पाणी मुळात कुणाच्या वाट्याचं होतं.

राष्ट्रीय हरित लवादानं २०२१ मध्ये विश्वामित्रीसाठी कृती आराखडा राबवायचा आदेश दिला. त्यात नदीची हद्द आखणं, अतिक्रमणं काढणं, पूरपट्ट्यात झाडं लावणं हे सगळं होतं. हद्द आखणं हा शब्द कागदी वाटतो, पण सगळं तिथूनच सुरू होतं. नदीचं घर कुठवर आहे हे नकाशावर ठरलेलंच नसेल तर भराव टाकणाऱ्याला कोण आणि कशाच्या आधारावर अडवणार?

आता खोल आणि रुंद केली ना? मग झालं की

२०२४ च्या पुरानंतर २०२५ च्या उन्हाळ्यात विश्वामित्रीच्या पात्राचं खोलीकरण-रुंदीकरण मोठ्या प्रमाणावर सुरू झालं. गाळ उपसणं चुकीचं नाही. वर्षानुवर्षं टाकलेला राडारोडा, कचरा, पुलांखाली साचलेले ढीग निघालेच पाहिजेत. त्यानं पाण्याला वाट मिळते, पातळी काही प्रमाणात खाली राहते.

पण त्याच्या मर्यादाही आहेत. शहरातलं पात्र रुंद केलं आणि पुढचं अरुंद राहिलं तर पाणी पुढच्या गावांच्या अंगावर जास्त वेगानं जातं. ढाढर भरलेली असेल तर रुंद पात्रही तुंबतंच. तिसरी मर्यादा गाळाची. काठावरची झाडंझुडपं काढून उतार बोडके केले की पहिल्याच पावसात काठ ढासळतात आणि ती माती पुन्हा पात्रात येऊन बसते. झुडपं पाण्याचा वेग थोडा कमी करतात हे खरं, पण त्यांच्या मुळांनी काठ धरून ठेवलेला असतो. उघडा काठ म्हणजे दर दोन-चार वर्षांनी पुन्हा उपसा, पुन्हा खर्च.

मग काठाला सिमेंटची भिंत का नको, असं पुष्कळ जण विचारतात. भिंत एका काठाला वाचवते आणि तेच पाणी समोरच्या काठावर किंवा खाली ढकलते. दोन्ही काठांना बांधली तर शहराच्या आतलं पाणी नदीत जायचं कसं, हा कांसांचा प्रश्न आणखी बिकट होतो. आणि भिंतीच्या भरवशावर तिच्यामागे आणखी घरं उभी राहतात. एखाद्या वर्षी पाणी भिंतीवरून आलं की नुकसान आधीपेक्षा कितीतरी मोठं होतं.

मगरींना दुसरीकडे का नेत नाहीत?

हा प्रश्न विचारणाऱ्यांवर मी चिडत नाही. ओट्याखाली मगर सापडलेल्या घरातल्या आईची भीती खरीच असते.

विश्वामित्रीतली मगर ही गोड्या पाण्यातली मगर. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ती येते, म्हणजे तिला सर्वांत कडक संरक्षण आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत मोजणी झाली तेव्हा शहर आणि लगतच्या पात्रात ४४२ मगरी आढळल्या. इतक्या दाट वस्तीच्या शहराच्या मधोमध एवढ्या मगरी माणसांसोबत राहतात, ही दुर्मीळ गोष्ट आहे.

त्या उचलून सोडायच्या कुठे? दुसऱ्या नदीत सोडलं तर तिथल्या मगरींशी झुंज, तिथल्या माणसांना नवी भीती. आणि विश्वामित्रीतली रिकामी झालेली जागा भरायला वरच्या तळ्यांतून दुसऱ्या मगरी येतात. मगर पुरात घरात येते ती शिकारीला नाही. नदीचा वेग वाढतो, काठातलं तिचं बीळ पाण्यानं भरतं, आणि पोहायला जड जाऊ लागलं की जिथे पाणी संथ असेल तिथे ती सरकते. संथ पाणी म्हणजे पूर्वी कोतर, आता सोसायटीचं पार्किंग.

मगरीकडे पाहून काठाची तब्येतही कळते. मादी काठाच्या मातीत खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते, साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. पावसाच्या तोंडावर पिल्लं आतून ओरडू लागली की ती माती उकरते आणि त्यांना जबड्यात अलगद धरून पाण्यापर्यंत नेते. पिल्लू नर होणार की मादी हे अंडी ज्या मातीत आहेत तिच्या उबेवर ठरतं. म्हणजे मऊ, उतरता, झाडोऱ्याचा काठ असेल तरच मगरीची पुढची पिढी होते. आणि पूर मुरवायला, माती धरायला हाच काठ लागतो. मगरीला हवा तो काठ आणि आत्याला हवा तो काठ एकच आहे, हे लक्षात आलं तेव्हा मी थोडा वेळ तसाच बसून राहिलो.

यातला पेच वेळेचा आहे. पात्रात यंत्रं घालायचा काळ म्हणजे पावसाळ्यापूर्वीचा उन्हाळा, आणि अंड्यांचा काळही तोच. म्हणून कुठे खणायचं हे ठरवण्याआधी बिळं आणि घरटी शोधून तेवढे पट्टे सोडणं हा कामाचाच भाग असायला हवा.

आजव्याचे दरवाजे आधीच का उघडत नाहीत?

शहराच्या वरच्या बाजूला आजव्याचं सयाजी सरोवर आहे, त्यातून सोडलेलं पाणी विश्वामित्रीत येतं. ते महाराज सयाजीराव गायकवाडांच्या काळात, १८९० च्या सुमारास झालं. तेव्हाच्या लाखभर वस्तीच्या शहराला नळानं पिण्याचं पाणी द्यायला. आजही शहराच्या काही भागाला तिथलं पाणी मिळतं, बाकी मही नदीच्या पात्रातल्या खोल विहिरी (त्यांना फ्रेंच विहिरी म्हणतात) आणि नर्मदा यांच्यावर.

अडचण अशी की पिण्यासाठी बांधलेलं सरोवर पावसाळ्याच्या शेवटी भरलेलं हवं आणि पूर अडवायचा तर ते रिकामं हवं. एकाच पिंपाकडून दोन उलटी कामं. जुलैत रिकामं केलं आणि पुढे पाऊसच झाला नाही तर? भरू दिलं आणि ऑगस्टच्या अखेरीस दहा इंच पडला तर? म्हणून पावसाळ्याच्या टप्प्यानुसार पातळी ठरवून घेतात, आणि भाग्यानं हवामानाचे अंदाज आता दोन-तीन दिवस आधी बरेच भरवशाचे असतात. आजव्यातून केव्हा आणि किती पाणी सोडणार हे काठच्या लोकांना काही तास आधी, सोप्या भाषेत, मोहल्ल्यांची नावं घेऊन सांगितलं गेलं तर निदान तळमजल्यावरची गादी, धान्य आणि औषधं वर चढतील. याला फारसा खर्चही नाही.

जागाच उरली नाही, आता बोलून काय उपयोग?

उरली आहे. सयाजीबाग पाहा. लोक अजून तिला कमाटीबाग म्हणतात. १८७९ मध्ये ती नदीच्या दोन्ही काठांवर वसवली गेली. पूर आला की बागेत पाणी शिरतं, ओसरलं की गाळ राहतो, माळी राबतात आणि काही आठवड्यांत हिरवळ पुन्हा उभी राहते. तिथल्या प्राणिसंग्रहालयाची काळजी वेगळी घ्यावी लागते, पण बागेला पूर परवडतो. त्या जागी इमारती असत्या तर? खेळाची मैदानं, शेतं, रोपवाटिका, चालायच्या वाटा यांनाही पूर परवडतो. पूरपट्ट्यात काय चालेल याची यादी बरीच लांब आहे, फक्त तीत झोपायच्या खोल्या नाहीत.

मग तळी. एक हेक्टरचं तळं घ्या, म्हणजे शंभर मीटर लांब, शंभर मीटर रुंद. पावसापूर्वी त्यात दोन मीटर जागा रिकामी ठेवली तर दोन कोटी लिटर पाणी मावतं. मघाच्या हिशेबानं साडेआठशे घरांच्या गच्च्यांवरचा दहा इंच पाऊस. पण हल्ली तळ्याचं सुशोभीकरण झालं की चारी बाजूंनी उंच कठडा येतो, पाणी आत यायच्या वाटा बंद होतात आणि कारंज्यासाठी ते बारा महिने भरलेलं ठेवतात. भरलेलं तळं पुराच्या दिवशी काहीच कामाचं नाही. शहरातल्या जुन्या सुरसागर तळ्याला जादा पाणी विश्वामित्रीकडे काढून द्यायची वाट ठेवलेली आहे. तळं, कांस आणि नदी ही एकच जोडलेली यंत्रणा आहे ही समज त्या बांधणाऱ्यांकडे होती.

सोसायटीच्या पातळीवर गुजरातेत खंभाती कुवा चालतो. जाळीदार विटांच्या भिंतीचा शोषविहीर-प्रकार. गच्चीचं आणि आवाराचं पाणी गाळून त्यात सोडलं की ते जमिनीत मुरतं. महापुराला तो पुरा पडणार नाही, आणि जिथे भूजल आधीच वर आहे तिथे त्याचा उपयोग कमी. पण एरवी पडणाऱ्या दोन-अडीच इंचांच्या पावसात रस्त्यावर साचणारं पाणी तो नक्की कमी करतो.

मागच्या हिवाळ्यात आत्याला घेऊन तिच्या सोसायटीमागचा कांस कुठे जातो ते पाहायला चालत गेलो. दोन ठिकाणी तो रस्त्याखाली गायब झाला, एका ठिकाणी कुंपणाआड. विचारत विचारत शेवटी नदीपर्यंत पोहोचलो. मुख झाडोऱ्यात होतं आणि त्या दिवशीच्या पाण्यापेक्षा जेमतेम माणूसभर उंचीवर. पलीकडच्या काठावर एक मगर उन्हात पडली होती. आत्यानं तिच्याकडे एकदा पाहिलं, मग हात उंच करून मुखाची उंची मोजली आणि म्हणाली, "म्हणजे नदी एवढी चढली की आपली मोरी बंद. एवढीच?"